छावणीचें गांव, जिल्ह्याचें ठाणें

जिल्हा म्हणजे काय, असा प्रश्न मुंबईच्या किंवा पुण्याच्या एखाद्या सुशिक्षित कुटुंबांत टाकला, तर पत्त्याच्या शेवटच्या ओळींत लिहावयाचा एक शब्द, एवढेंच उत्तर बहुधा मिळेल. शहरांत राहणाऱ्यास कलेक्टरच्या कचेरीचें तोंड वर्षानुवर्षें पाहावें लागत नाहीं. पैनगंगेच्या कांठच्या खेडुताची गोष्ट अगदीं निराळी आहे. जमिनीच्या तंट्याचें अपील, धरणांत गेलेल्या शेताचा मोबदला, शाळेच्या मास्तरांच्या बदलीची तक्रार, अंगावर बेतलेलें दुखणें, ह्यांपैकीं कांहींहि निघालें कीं त्याला जिल्ह्याच्या ठिकाणीं जावें लागतें. आणि ती खेप म्हणजे बुडालेली मजुरी, गाडीभाडें, आणि काम त्या दिवशीं न झाल्यास परगांवीं काढलेली रात्र. हिंगोली, कळमनुरी, सेनगांव ह्या भागांतील माणसाला ही खेप परभणीपर्यंत करावी लागे. आगगाडीनें निघाला, तर पूर्णा जंक्शनवर उतरून दुसऱ्या गाडीची वाट पाहत बसावयाचें. १ मे १९९९ रोजीं परभणी जिल्ह्याचा उत्तरेकडील भाग तोडून हिंगोली हा स्वतंत्र जिल्हा करण्यांत आला, त्याचा पहिला आणि सर्वांना कळणारा अर्थ एवढाच, कीं ही पूर्ण्याची वाट पाहणी संपली.

परंतु हिंगोलीची हकीकत एवढ्यावर संपत नाहीं. कोठल्याहि जिल्ह्याच्या नकाशांत नसतांना हें गांव एकदां मोठें झालेलें होतें. तें मोठेपण त्याच्या हातून गेलें. आणि जवळजवळ शंभर वर्षांनंतर निराळ्या रूपानें परत आलें. हें कसें घडलें हें पाहावयाचें, तर प्रथम प्रदेश समजून घेतला पाहिजे.

मराठवाड्याच्या उत्तर टोंकाला, जेथें गोदावरीच्या खोऱ्यांतील काळी जमीन संपून वऱ्हाडच्या बाजूस डोंगराळ माळ लागतात, तेथें हा जिल्हा आहे. उत्तरेस पैनगंगा, दक्षिणेस पूर्णा आणि मधून वाहणारी कयाधू. क्षेत्र सुमारें साडेचार हजार चौरस किलोमीटर; हिंगोली, कळमनुरी, सेनगांव, औंढा नागनाथ आणि वसमत हे पांच तालुके. ह्या भूमीचा धार्मिक लौकिक जुना आहे. औंढ्याचें नागनाथाचें देवालय बारा ज्योतिर्लिंगांपैकीं एक म्हणून पूजिलें जातें. कयाधूच्या परिसरांतील नर्सी हें संत नामदेवांचें जन्मस्थान असें परंपरा सांगते, आणि त्यांना विसोबा खेचरांचा उपदेश औंढ्यासच झाला, असेंहि ती सांगते. नामदेव येथून पंढरीस गेले आणि तेथून पार पंजाबांत. आपल्या काळांतहि सेनगांवच्या बाजूच्या कडोळी गांवीं जन्मलेले नानाजी देशमुख गोंडा आणि चित्रकूट येथील कार्यानें ओळखले गेले. २०१९ मध्यें त्यांना मरणोत्तर भारतरत्न मिळालें. ह्या मातीचीं कर्तीं माणसें बहुधा परमुलखांतच गाजलीं, असें म्हणण्याचा मोह येथें आवरत नाहीं.

हिंगोली शहराचा उदय मात्र देवालयामुळें झाला नाहीं, तो झाला पलटणीमुळें. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं निजामाच्या खर्चानें, परंतु इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखालीं, जी फौज उभी राहिली आणि जिला पुढें हैदराबाद कंटिंजंट हें नांव मिळालें, तिच्या छावण्या बोलारम, औरंगाबाद, एलिचपूर, मोमिनाबाद म्हणजे आपलें अंबेजोगाई, अशा ठिकाणीं होत्या. त्यांतच हिंगोली होती. जागेची निवड सहज झालेली नव्हती. पैनगंगेच्या दोन्ही कांठांवर हटकर नाइकांचा अंमल होता आणि निजामाच्या वसुलीस ते जुमानीत नसत. त्यांच्यापैकीं नोवसाजी नाइकाची नव्हा येथील गढी ह्या फौजेला १८१९ च्या जानेवारींत वेढा घालून घ्यावी लागली. ही लढाई पुढें ह्या पलटणींच्या मानचिन्हांत दाखल झाली. नाइकांच्या बाजूनें कोणीं मानचिन्हें दिलीं नाहींत. त्यांची आठवण त्यांच्या मुलखांतच राहिली.

छावणी आली म्हणजे तिच्या पाठोपाठ बाजार येतो, आणि बाजाराच्या पाठोपाठ सर्व तऱ्हेचीं माणसें येतात. हिंगोलीच्या बाबतींत ह्याचा जो प्रत्यय आला, तो अंगावर कांटा आणणारा आहे. निजामाच्या नोकरींत असलेला मेडोज टेलर हा अधिकारी हिंगोलीस राहिलेला होता. ठगांवरील आपल्या कादंबरीच्या प्रस्तावनेंत (ही कादंबरी १८३९ मध्यें निघाली) त्यानें तेथील हरिसिंग नांवाच्या व्यापाऱ्याची हकीकत दिली आहे. हा मनुष्य छावणींतील प्रतिष्ठित सावकार. टेलरसकट अनेक अधिकाऱ्यांचा त्याच्याशीं देण्याघेण्याचा व्यवहार. एकदां ह्यानें कॅप्टन रेनॉल्ड्स ह्या मुलकी अधिकाऱ्याकडे मुंबईहून कापड आणण्याचा परवाना मागितला. कापड खरोखरच येत होतें, पण तें होतें जवळच्याच एका गांवच्या दुसऱ्या व्यापाऱ्याचें. त्या व्यापाऱ्याला, त्याच्या नोकरांना आणि बैलवाल्यांना वाटेंत ठार करून हरिसिंगानें तो माल सरकारी परवान्यावर हिंगोलीस आणला आणि छावणींत उघड उघड विकला. पुढें पकडला गेल्यावर त्यानें स्वतःच ही गोष्ट मोठ्या फुशारकीनें सांगितली नसती, तर ती कधींच बाहेर आली नसती. ह्या टोळीनें भर बाजारांत, मुख्य पहाऱ्यापासून शंभर यार्डांच्या आंत माणसें मारलीं आणि पहारेकऱ्यांच्या रांगेपासून पांचशें यार्डांवर तीं पुरलीं. माफीच्या साक्षीदारांनीं दाखविलेले ते खड्डे उकरले जात असतां टेलर स्वतः हजर होता.

ह्या गोष्टींतील भयानकपणापेक्षांहि तिच्यांतील एक बारकावा अधिक बोलका आहे. खुनाचा माल छावणींत आला, तो चोरवाटेनें नव्हे, तर परवाना दाखवून. ज्या गांवांत सर्वच परके, कोणाचें मूळ गांव कोणास ठाऊक नाहीं आणि सगळा विश्वास एका शिक्क्याच्या कागदावर, तेथें हरिसिंग सावकार म्हणून खपून गेला ह्यांत नवल तें काय? हिंगोलीच्या बाजाराला देशमुख-देशपांड्यांचा आधार नव्हता. त्याचा पोशिंदा होता दर महिन्याला रोख मिळणारा शिपायाचा पगार. गांवांतील वस्त्यांचीं नांवें आजहि हेंच सांगतात. पलटण, रिसाला, तोफखाना, पेन्शनपुरा, सदर बाजार! पायदळ, घोडदळ, तोफा, निवृत्त झालेले शिपाई आणि ह्या सर्वांना माल पुरविणारे दुकानदार, अशी अख्खी छावणीच मोहल्ल्यांच्या रूपानें थिजून राहिली आहे.

ह्या फौजेचा खर्च निजामाला पेलेना. तो भागविण्यासाठीं १८५३ च्या तहानें त्यानें वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यांत दिला, आणि हिंगोली एकाएकीं सरहद्दीवर आली. पैनगंगेच्या पलीकडे वाशीम आणि पुसद इंग्रजी अंमलांत, अलीकडे हिंगोली आणि कळमनुरी निजामाच्या. सोयरिकी दोन्ही कांठांवर, बाजारहाट दोन्ही कांठांवर. परंतु नदी ओलांडली कीं कायदा बदले, नाणें बदले, कचेरीची भाषा बदले. वऱ्हाडांत मराठी शाळा वाढत असतां अलीकडच्या तीरावर सरकारदरबारीं प्रथम फारसी आणि पुढें उर्दू चाले. त्या फरकाचा परिणाम नंतरच्या दोन-तीन पिढ्यांना भोगावा लागला. पुढें १९०२ मध्यें वऱ्हाडाचा कायमचा पट्टा इंग्रजांना मिळाला, त्याबरोबर कंटिंजंटचें स्वतंत्र अस्तित्व संपलें, आणि १९०३ मध्यें हिंगोलीची छावणी उठली. इमारती राहिल्या, पगार गेला.

ह्यापूर्वींच, सालारजंगानें १८६५ च्या सुमारास निजामी राज्यांत जी जिल्हाबंदी केली, तींत परभणी जिल्ह्याचें ठिकाण झालें होतें. तेथें अव्वल तालुकदार, म्हणजे आपल्या भाषेंत कलेक्टर, बसूं लागला. हिंगोलीच्या वांट्याला तहसीलदार आला. छावणी होती तोंवर ह्याचें कोणास कांहीं वाटलें नसावें. ती उठल्यावर मात्र हिंगोली म्हणजे इतर अनेक तालुक्यांसारखा एक तालुका, एवढीच तिची किंमत उरली. कापसाच्या व्यापारानें तिला थोडाफार हात दिला, आणि १९१२ मध्यें पूर्ण्याहून लहान मापाची आगगाडी तेथपर्यंत आली. पण ती येथेंच येऊन थांबली. पुढें वऱ्हाडांत जाणारा लोहमार्ग निजामी राज्य गेल्यानंतरच तयार झाला, आणि त्या लहान मापाच्या जागीं रुंद मापाचा मार्ग अकोल्यापर्यंत यावयास २००८ साल उजाडावें लागलें.

१७ सप्टेंबर १९४८ रोजीं हैदराबादची मुक्तता झाली. त्या लढ्यांत ह्या भागानेंहि आपलें रक्त सांडलें. वसमतच्या महाविद्यालयाला हुतात्मा बहिर्जींचें नांव आहे, तें त्याच काळाचें स्मरण होय. १९५६ मध्यें मराठवाडा मुंबई राज्यांत आला, १ मे १९६० रोजीं महाराष्ट्र राज्य झालें. परंतु परभणी जिल्हा जसा होता तसाच राहिला. लोकसभेसाठीं हिंगोली नांवाचा मतदारसंघ १९७७ पासून आहे. म्हणजे दिल्लीस हिंगोलीचा प्रतिनिधि बसूं लागला, पण हिंगोलीस कलेक्टर येण्यास आणखी बावीस वर्षें लागलीं.

ह्या बावीस वर्षांत महाराष्ट्राचा नकाशा अनेक वेळां बदलला. १९८१ आणि १९८२ मध्यें जालना, सिंधुदुर्ग, लातूर आणि गडचिरोली हे जिल्हे झाले. नंतर १ जुलै १९९८ रोजीं वाशीम आणि नंदुरबार झाले. पैनगंगेच्या पलीकडचें वाशीम जिल्ह्याचें ठाणें होतांच हिंगोलीकरांना आपली उणीव दुप्पट जाणवली असल्यास नवल नाहीं. १ मे १९९९ रोजीं, नारायण राणे मुख्यमंत्री असतां, हिंगोली आणि गोंदिया हे दोन जिल्हे एकाच दिवशीं अस्तित्वांत आले.

असा जिल्हा निर्माण होतो तो कसा? महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम १९६६ ह्याच्या चौथ्या कलमानें हा अधिकार राज्य सरकारास दिला आहे. राजपत्रांत अधिसूचना निघते, त्या आधीं हरकती मागविल्या जातात, आणि ठरलेल्या दिवशीं एका जिल्ह्याचे दोन होतात. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत ही गोष्ट वेगळ्या मार्गानें झाली. तेथील मध्यपश्चिमेच्या राज्यांत वसाहतवाले जसजसे पुढें सरकले, तसतशा नव्या कौंट्या आंखल्या गेल्या. शेतकऱ्यानें घोड्यावरून किंवा गाडींतून कौंटीच्या ठाण्यास जावें आणि दिवस मावळण्याच्या आंत घरीं परतावें, असें तेथें सामान्यतः माप धरीत. एकट्या आयोवा राज्यांत अशा ९९ कौंट्या आहेत. ठाणें कोठें असावें हें मतदानानें ठरे, आणि त्या चुरशींत कन्सास व डाकोटाकडे दोन गांवांत हातघाईवर येऊन कचेरीचीं दफ्तरें पळविण्यापर्यंत मजल गेली. आपल्याकडे दफ्तरें पळविलीं गेलीं नाहींत. पण मोर्चे, निवेदनें आणि बंद ह्यांवांचून महाराष्ट्रांत जिल्हा सहसा होत नाहीं, हेंहि खरें. माप मात्र दोन्हीकडे एकच, दिवसाच्या खेपेचें.

ह्या मापानें पाहिलें, तर नव्या जिल्ह्याचा लाभ सर्वांना सारखा झाला नाहीं. सेनगांव आणि कळमनुरीच्या लोकांचा अर्धा रस्ता वांचला. पण वसमत तालुका दक्षिणेला. त्याचा ओढा पूर्वापार नांदेडकडे, आणि परभणीहि त्याला दूरची नव्हे. जिल्ह्यांतील सर्वांत सुपीक तालुका ज्या ठाण्याला जोडला गेला, तें त्याच्या नेहमींच्या वाटेवर नव्हतें. सरहद्द आंखणाऱ्याच्या हातून कोणावर तरी असा अन्याय होतोच. तो किती थोड्यांवर झाला एवढेंच पाहावयाचें असतें.

कचेऱ्या आल्या, जिल्हा परिषद आली, मोटारींच्या पाट्यांवर परभणीच्या २२ च्या जागीं ३८ हा आंकडा आला. परंतु ह्या सर्वांहून महत्त्वाची एक गोष्ट घडली. तिच्याकडे लोकांचें लक्ष कमी गेलें. हिंगोलीची स्वतंत्र मोजणी सुरू झाली. २००१ च्या जनगणनेंत जिल्ह्याची वस्ती ९ लक्ष ८७ हजार भरली, २०११ मध्यें ती ११ लक्ष ७७ हजार झाली. सिंधुदुर्ग आणि गडचिरोली वगळले, तर राज्यांत इतक्या थोड्या वस्तीचा दुसरा जिल्हा नव्हता. शहरांत राहणारे शेंकडा १५ च्या आसपास. साक्षर शेंकडा ७८. हे आंकडे गौरवाचे नव्हेत. परंतु तोंपर्यंत ते परभणीच्या सरासरींत मिसळून दिसेनासे होत, आणि जें दिसत नाहीं त्यासाठीं अंदाजपत्रकांत पैसा धरला जात नाहीं.

पाण्याच्या बाबतींत ह्याचा दाखला स्पष्ट आहे. राज्यांतील सिंचनाचा अनुशेष, म्हणजे कोणता जिल्हा सरासरीच्या किती मागें आहे ह्याचा हिशेब, १९९४ ची स्थिति धरून जिल्हावार मांडण्यांत आला, तेव्हां हिंगोली जिल्हा जन्मास आलेला नव्हता. पूर्णेच्या कालव्यांनीं भिजणारी दक्षिणेची जमीन आणि कयाधूच्या दोन्ही अंगांचे कोरडे माळ एकाच परभणीच्या रकान्यांत बसले. सिद्धेश्वरचें धरण औंढा तालुक्यांत. इसापूरचें धरण कळमनुरीच्या सरहद्दीवर पैनगंगेला अडवून बांधलेलें. पण पाणी उताराकडे जातें, आणि ह्या दोन्ही धरणांचे कालवे बऱ्याच अंशीं खालच्या नांदेड-परभणीच्या शेतांना पोंचतात. धरणाच्या भिंतीवर उभें राहिलें तर आपला कोरडा माळ दिसतो, ही येथील शेतकऱ्याची जुनी तक्रार. जिल्हा झाल्यावर ती तक्रार निदान स्वतःच्या आंकड्यांनिशीं मांडतां येऊं लागली. अनुशेषाचा तो वाद नंतर पुष्कळ वर्षें चालला.

सरकारनें कांहींहि केलें वा न केलें तरी एक गोष्ट शेतकऱ्यांनीं स्वतःच्या बळावर केली. ती म्हणजे हळद. ज्वारी आणि कापूस हीं येथील जुनीं पिकें. मागाहून सोयाबीन आलें. आणि जेथें विहिरीला पाणी होतें, तेथें हळद पसरली. हें पीक नऊ महिन्यांचें आणि कष्टाचें. फाल्गुनाच्या आगेंमागें कंद खणून काढावयाचे, मातृकंद म्हणजे गड्डे निराळे करावयाचे, मग हळकुंडें शिजवावयाचीं. पूर्वीं हें शिजविणें मोठ्या कढयांतून होई. नंतर वाफेवर चालणारीं पिंपें आलीं, त्यांना शेतकरी सरळ कुकर म्हणतात. शिजलेली हळद पंधरवडाभर उन्हांत वाळते, मग फिरत्या ढोलांत घासून तिला झिलई आणतात. पूर्वीं हळदीचा बाजार म्हटला कीं सांगली. आतां वसमत आणि हिंगोली येथेंहि मोठे सौदे निघतात. हिंगोलीच्या हळद बाजाराच्या आवाराला संत नामदेवांचें नांव आहे. शिंप्याच्या घरीं जन्मलेल्या संताला व्यापाराचा हा शेजार परका वाटूं नये. २०२४ मध्यें वसमतच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळालें, म्हणजे त्या नांवानें दुसरीकडचा माल विकण्यास कायद्यानें मज्जाव झाला. हरिसिंगाच्या परवान्यावर ज्या मुलखांत लुटीचा माल खपला, त्याच मुलखांत आतां मालाच्या जन्मगांवाला शिक्का मिळाला आहे.

औंढ्याजवळच्या माळाला तर जगाच्या शास्त्रीय नकाशावर स्थान मिळालें आहे. आकाशांतील प्रचंड ताऱ्यांच्या टकरींतून ज्या गुरुत्वलहरी उठतात, त्या टिपणारी लायगो ही वेधशाळा अमेरिकेंत दोन ठिकाणीं आहे. तशीच तिसरी भारतांत उभारण्यासाठीं औंढा तालुक्याची निवड झाली. एकमेकांशीं काटकोन करणाऱ्या चार-चार किलोमीटर लांबीच्या दोन नळ्या आणि त्यांतून धांवणारा प्रकाश, असें हें यंत्र. त्याला जमिनीचा कंप चालत नाहीं. मोठे कारखाने आणि मोठी वर्दळ ह्यांपासून दूर असलेला निवांत माळ शास्त्रज्ञांनीं येथें पसंत केला. ज्या उणिवेबद्दल जिल्हा इतकीं वर्षें हळहळत होता, तीच ह्या कामीं त्याचा गुण ठरली. केंद्र सरकारनें २०१६ मध्यें तत्त्वतः आणि एप्रिल २०२३ मध्यें सुमारें २,६०० कोटी रुपयांच्या खर्चासह ह्या योजनेस मंजुरी दिली. हिंगोलीच्या सामान्य माणसाला मात्र ह्यापेक्षां २०२४ ची दुसरी गोष्ट अधिक जवळची. त्या वर्षीं तेथें शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालें. जड दुखण्याच्या माणसाला रात्रींबेरात्रीं नांदेडच्या वाटेला लावण्याचे प्रसंग ह्यामुळें किती कमी होतील, ह्यावरच जिल्हा झाल्याचा खरा हिशेब गांवकरी मांडतील.

छावणी उठल्याला शतक उलटून गेलें, तरी हिंगोलीचें शिपाईपण अगदींच सुटलेलें नाहीं. राज्य राखीव पोलीस दलाचा बारावा गट तेथेंच राहतो, आणि त्याच्या पगाराचा आधार बाजाराला पुन्हा मिळतो. परभणीचा धागाहि पुरता तुटलेला नाहीं. दोन्ही जिल्ह्यांना मिळून सहकारी मध्यवर्ती बँक अजून एकच आहे, आणि तिच्या पाटीवर नांव आहे परभणीचें. हिंगोलीच्या आवारांत हळद विकून ३८ आंकड्याच्या गाडींतून परतणारा शेतकरी पीककर्जाचा भरणा करावयास बँकेच्या खिडकीशीं उभा राहतो, तेव्हां त्याच्या हातांतल्या पासबुकावर तें जुन्या जिल्ह्याचें नांव छापलेलें असतें.